अख्ख्या स्क्रीनचा फोटो

आमच्या खात्याचा शिक्षकांवर इतका विश्वास, की ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं तरी त्याचा स्क्रीनशॉट पाठवल्याशिवाय ते झालं असं कुणी मानत नसे. मी तेव्हा डिंगोऱ्याच्या बाजूला एका शाळेत शिकवत होते, वारूळवाडीहून रोज स्कूटरने जात-येत. शाळेत आम्ही तिघं शिक्षक आणि एक कॉम्प्युटर. तो मुख्याध्यापक सरांच्या टेबलावर असे आणि त्याला धुळीपासून वाचवायला त्यावर कायम टॉवेल असे.

सरांची स्क्रीनशॉटची स्वतःची पद्धत होती. ते उठून उभे राहत, खिडकी लावून घेत आणि मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढत. फोटोत आडव्या रेघा आणि काचेत सरांचं पोट. तालुक्याहून दर वेळी उत्तर येई, अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. सर शांतपणे पुन्हा उभे राहत.

मला हे बघवेना. माझी नणंद नारायणगावात टायपिंगचा क्लास चालवते. तिने सांगितलं की की-बोर्डवर प्रिंट स्क्रीनचं बटण असतं, ते दाबायचं. मी दाबलं. काही झालं नाही. पंधरा-वीस वेळा दाबलं. बटणावर प्रिंट लिहिलंय म्हणून प्रिंटरही चालू करून बघितला. संध्याकाळी नणंदेने समजावलं, की फोटो दर वेळी निघाला होता, फक्त तो पेंट नावाच्या प्रोग्राममध्ये चिकटवेपर्यंत दिसत नाही. म्हणजे मी दिवसभर यशस्वीच होत होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिला खरा स्क्रीनशॉट तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अक्षर न अक्षर स्वच्छ. तालुक्याहून उत्तर आलं, उत्तम, सर्व शाळांनी असेच पाठवावे. एवढं कौतुक मला बी.एड.लासुद्धा मिळालं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी ते वाक्य दोनदा वाचलं.

शाळा सुटायच्या आधी सरांनी बोलावलं. त्यांनी माझा स्क्रीनशॉट मोबाईलवर मोठा केला होता. प्रशिक्षणाच्या पानाशेजारी, अगदी वर, आणखी एक टॅब उघडा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘बदली अर्ज’.

हे मी शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं. मंचरजवळ माझी आई एकटी राहते, गुडघ्यांमुळे तिला बाजारालाही जाता येईना. पण सरांना सांगायचं कसं? वाटेवरच्या उसात बिबट्या दिसतो म्हणून पाच वर्षं ते मला रोज दहा मिनिटं आधी सोडत आणि तेवढा वेळ माझा वर्ग स्वतः सांभाळत.

“बाई, फॉर्म भरलाय का?”

“अर्धाच भरलाय, सर.”

“मग सांगायचं व्हतं. आमी काय अडवलं असतं?” त्यांनी तो फोटो बोटांनी पुन्हा लहान केला. “म्हणून मी मोबाईलनं काढतो. जेवढं दाखवायचं तेवढंच येतं. तुमचं बटण लई प्रामाणिक हाय.”

मी आईचं सांगितलं. सरांनी टॉवेल बाजूला केला, मला बसायला लावलं आणि उरलेला अर्ज शेजारी उभं राहून भरून घेतला. आईच्या आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्या शाळेला एसटी दारापर्यंत जाते, हे त्यांना तोंडपाठ होतं.

बाकीच्या तालुक्यानेही माझा नमुना स्क्रीनशॉट बारकाईने अभ्यासला होता. निमगाव सावाच्या एका बाईंनी मुद्दाम फोन करून चौकशी केली, की मी कुठली शाळा मागितलीय. काळजीपोटी नव्हे, त्यांनाही तीच हवी होती.

घरी मी नणंदेवर चिडले. ती म्हणाली, “वहिनी, हवा तेवढाच तुकडा काढायचीही सोय असते. तुम्ही विचारलंच नाही.”

उन्हाळ्यात बदली झाली. नवी शाळा आईच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, सुटल्यावर आधी तिच्याकडे जाता येतं. निरोपाला सरांनी शाल दिली. भाषणाऐवजी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मोबाईलने माझा फोटो काढला. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या, त्या फोटोत आल्या नाहीत; पर्समध्येच होत्या.