साहेब कधीच ‘मारत’ नाही

चार नाटकवाले जमले की चहा संपतो, पण किस्से काही संपत नाहीत! आमच्या नाशिकच्या हौशी मंडळाचे एकाच नाटकाचे इतके साठलेत, की अर्धे मीच कुठे कुठे सांगून विसरलोय. काळ आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतला.

नाटक लिहिलं साळवेसरांनी. सर सातपूरकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. एक बलाढ्य देश, दूरवर एक चिमुकला देश, त्याच्या डोंगरात तांबं. बलाढ्य देशाचा साहेब तांब्यासाठी येतो, गावं जाळतो आणि दरवेळी गोडगोड भाषण ठोकतो. तो साहेब म्हणजे अस्मादिक! एरवी पोस्टात कारकून.

सरांची एकच अट. “साहेबाने अख्ख्या नाटकात ‘मारलं’ म्हणायचं नाही. ‘जाळलं’ नाही, ‘लुटलं’ नाही. गोळीबार झाला, की ‘शांतता प्रस्थापित झाली’. गाव जाळलं, की ‘पुनर्रचना’!”

मी म्हटलं, “सर, हे सुचतं कुठून हो तुम्हाला?”

“सुचतंय कसलं! रोज रेडिओवर परदेशच्या बातम्या लागतात. मी वही घेऊन बसतो, एवढंच.”

*

तालमी रंगल्या आणि ती भाषा माझ्या घरात शिरली. एकदा माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. सासूबाईंनी दिलेली! मी साहेबाच्या आवाजात जाहीर केलं, “कुसुम, बरणीची पुनर्रचना झाली आहे. हानी किरकोळ. परिस्थिती नियंत्रणात!”

कुसुम पदर खोचून बाहेर आली. “अस्सं? मग आज तुमच्या जेवणाचीही पुनर्रचना झाली. जा, पाणी प्या आणि झोपा!”

सरांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणाले, “वहिनींना नाटक कळलं. आता सेन्सॉरला नाही कळलं म्हणजे मिळवली!”

*

आणि खरंच नाही कळलं! तपासणीहून संहिता परत आली. आम्ही घाईघाईने पानं उलटली. साहेबाची सगळी भाषणं जशीच्या तशी पास! वर समासात शेरा, ‘भाषा सुसंस्कृत.’

कात्री लागली होती फक्त एका वाक्याला. शेवटी म्हातारा गावकरी साहेबाला म्हणतो, “तुम्ही आम्हाला मारताय.” शेरा, ‘प्रक्षोभक.’

म्हातारा करायचा आमचा दत्तू, कारखान्यातला फिटर. तो असा उखडला! “आयला, मला एकच बरं वाक्य होतं, तेच खाल्लं?”

सर म्हणाले, “तिथे तू नुसता उभा राहा. एक अक्षर बोलू नकोस, पाया पडतो.” ते उगाच म्हणत नव्हते. शाळेच्या चालकांनी त्यांना बजावलं होतं, की नाटकावर बंदी आली तर दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं नाही. घरात कमावणारे ते एकटेच, पाठच्या दोन बहिणींची शिक्षणं चाललेली. आम्हालाच त्यांची काळजी वाटायची.

*

नाशकातला पहिला प्रयोग दणक्यात झाला. एक पेन्शनर गृहस्थ खास आत आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमचा साहेब पटला हो! बिचारा एवढी मदत करतो आणि ती माणसं किती कृतघ्न!”

सर मटकन खुर्चीत बसले. दत्तूने त्यांच्या हातात चहा दिला. “घ्या सर. तुमची भाषा फारच सुसंस्कृत झाली!”

*

पण खरी मजा आली ती इगतपुरीपल्याडच्या एका पाड्यावर. पाडा धरणात जाणार होता, नोटिसा येऊन पडल्या होत्या. भर दुपारी आंब्याखाली प्रयोग. माणसं जमिनीवर, आणि पुढे एकुलत्या एका खुर्चीत तालुक्याचे एक बडे अधिकारी. मांडीवर संहितेची प्रत, कापलेल्या वाक्यावर बोट!

शेवट आला. मी विचारलं, “आमच्या मदतीला कोणाची काही हरकत?”

दत्तू उभा. तोंड उघडायच्या बेतात. साडीच्या पडद्याआडून सर हात जोडून कुजबुजतायत, “दत्तू, नको रे बाबा!” दत्तूने दात आवळले, पण बोलला नाही हो! मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

एवढ्यात लोकांतून एक म्हातारी उठली. “माझी हाय हरकत. तुमची मदत झाल्यावर आमी राह्याचं कुठं?”

आता याचं उत्तर नाटकात कुठे होतं? मी पडद्याकडे पाहिलं. आणि खुर्चीतले अधिकारी सवयीने उठून उभे राहिले!

“आजीबाई, चिंता नसावी. पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे. हे सारं तुमच्याच विकासासाठी आहे. आपण सहकार्य केलंत, तर गैरसोय किरकोळ होईल.”

टाळ्या! शिट्ट्या! माणसं हसून गडबडा लोळायला लागली. अधिकारी गोरेमोरे होऊन खाली बसले. अहवालात लिहिणार काय? कापलेलं वाक्य तर कोणी उच्चारलंच नव्हतं! सरांच्या डोळ्यांना धार लागलेली आणि तोंडभर हसू.

प्रयोगानंतर म्हातारी पळसाच्या पानात करवंदं घेऊन आली. आम्हाला वाटली आणि सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मास्तर, तो खुर्चीतला साहेब लय भारी काम करतो. त्याला नाटकातच ठेवा. गावात नका धाडू.”