शेजारीण म्हणून मला विचारलं तेव्हा

एका सरकारी बाईंशिवाय हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. चारचौघांत बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे लिहितेही सावकाश — तरी बोलण्यापेक्षा हे बरं.

निपाणीत आमच्या गल्लीत मी घरीच विड्या वळते. माझी रूपा रांगायला लागली तशी तंबाखूच्या धुळीने खोकायची. शेजारच्या शांताक्काने एक दिवस तिला उचललं आणि आपल्या घरी नेलं. मग ते रोजचंच झालं. आक्का तिला न्हाऊ घालायची, भरवायची, दुपारी मांडीवर निजवायची. आक्काला मूल नव्हतं. तिचा नवरा, आमचे अण्णा, शिलाईचं दुकान चालवायचे. गल्लीतली माणसं त्यांची चेष्टा करायची, "निपाणीत ऱ्हाऊन तंबाखूला शिवत न्हाय, कसला माणूस ह्यो!" दारू तर लांबच राहिली.

त्या दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. बेळगावहून एक समाजसेविका चौकशीला आल्या. तरुण होत्या, मराठी कानडी वळणाचं. आक्काच्या घरातलं त्यांचं हसणं मला इकडे ऐकू येत होतं. मग त्या माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "मला तर ही माणसं फार चांगली वाटली. पण नुसत्या माझ्या वाटण्यावर चालत नाही. शेजाऱ्यांना विचारलंच पाहिजे, तसा नियम आहे."

मला त्या वेळी काय वाटलं? आक्काला स्वतःचं मूल आलं की माझ्या रूपाला कोण बघणार — एवढंच. दुसरं काही नाही.

त्यांनी विचारलं, अण्णा पितात का? आक्कावर हात उचलतात का?

मी विडीची पानं कातरत होते. नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मी मान खाली घातली आणि म्हटलं, "मी काय सांगू बाई? आमाला शेजारात ऱ्हायचं हाय."

बस, एवढंच. यात खोटं काय होतं? — असं मी स्वतःला कितीदा तरी विचारलं. पण हे वाक्य बायका कधी म्हणतात, ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या बाईंनाही ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "घाबरू नका. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. तोही नियमच आहे." जाताना आक्काने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही.

काम तिथेच अडलं. का अडलं, ते आक्काला कुणी सांगितलं नाही. मग ती आपल्याच घरात खोट शोधायला लागली. छपराचे पत्रे बदलले. भिंतींना रंग काढला. कानडी येत नाही म्हणून आपल्याला नाकारलं असेल, असं वाटून त्या वयात कानडी अक्षरं गिरवायला बसली. आणि मधूनच माझ्याकडे यायची. "तूच सांग की गं, आमच्यात काय कमी हाय?" मी म्हणायचे, "सरकारी काम हाय आक्का, लागतोय येळ." तेव्हा तिच्या कडेवर माझी मुलगी असायची. माझीच.

रूपा शाळेत जायला लागली. मग दुसऱ्या बाई आल्या, वयाने मोठ्या, संकेश्वरकडच्या. चौकशी नव्याने करायची म्हणाल्या. आता रूपाची काळजी नव्हती. अण्णा देवमाणूस आहेत एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि माझी लबाडी तशीच आत राहिली असती. कसं कोण जाणे, पण तोंड उघडलं. मागच्या खेपेला मी अण्णांवर खोटा संशय घातला, असं सांगितलं. का, तेही सांगितलं. रडू येत होतं, ते गिळलं. मी कशासाठी रडायचं?

वाटलं, बाई ओरडतील. त्या म्हणाल्या, "आधीच्या बाईंचं चुकलं नाही हो. शंका आली की आम्हाला थांबावंच लागतं. त्या थांबण्यानंच कितीतरी पोरं वाचतात."

ते माझ्या मनात रुतलं. पलीकडच्या घरात एखादी बाई मार खात असते, आणि अलीकडे कुणीतरी जीव मुठीत धरून खरं सांगते — नाव झाकायचा नियम तिच्यासाठी आहे. तिच्या आडोशाला मी जाऊन बसले होते.

पुढे मूल आलं! पण आई-बापाचं वय वाढलं की तान्हं मिळत नाही, मोठं मूल देतात. मधल्या काळात आक्का-अण्णांचं वय वाढलं होतं. आली ती दात पडायच्या वयाची मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही — तेवढा नियम तरी मी पाळते. आधी कुणाशी बोलायची नाही. आता अण्णांना जेवायला दुकानातून ओढून आणते. परवा रूपाला ठणकावून म्हणाली, "ही माझी आई हाय. तू आपली दुपारपुरती!" सगळी गल्ली हसली. आक्का तर डोळ्यांत पाणी येईतो हसली.

पण आक्काने तान्हं मूल न्हाऊ घातलं, ते फक्त माझं.

मुलगी कशी रुळली ते बघायला बाई अजून येतात. या खेपेला आक्का म्हणाली, "बाईंना आमचं तूच सांग गं. तुज्याइतकं आमास्नी कोण वळखतंय?"

तेव्हाच ठरवलं. नियमाने माझं नाव झाकलं आहे, जन्मभर झाकेल. आक्कासमोर ते माझं मलाच उघडलं पाहिजे. उद्या मुली शाळेला गेल्या की तिच्या दारात जाईन. ती बस म्हणेल. मी उभ्यानेच सांगेन. मग ती काय करेल, ते तिचं.