डॉक्टरांनी पाहिलंय, असं मी सांगितलं

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये, आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून गेली पाच वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या नातवाच्या डोक्याला सरावात मार लागला होता, आणि फुटबॉलच्या कोचनी घरी काही न कळवता त्याला पुन्हा खेळायला उतरवलं, अशी ती गोष्ट. ती ऐकून दोन-तीन घरांनी आपली मुलं फुटबॉलमधून काढून घेतली. गोष्ट खोटी आहे. कोचनी घरी कळवलं होतं. फोन मी उचलला होता. मराठीतूनच ती पसरली, म्हणून मीही मराठीतच लिहितो आहे.

बायको गेल्यावर, दोन हजार एक साली, मी मुलाकडे राहायला आलो. त्याआधी नागपूरजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. कबड्डी शिकवली. इथे आल्यावर दोन वर्षं मला काही कामच नव्हतं. मग नातू नववीत गेला आणि आईशी महिनाभर भांडून फुटबॉलमध्ये शिरला. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि एकमेकांवर धडकायचं. सूनबाई म्हणायची, "टेनिस खेळ, स्विमिंग कर, पण हे डोकी आपटायचं नको." शेवटी तिने एका अटीवर होकार दिला. एकदा जरी लागलं तरी बंद.

त्या वर्षीच्या मे महिन्यात तो मला म्हणाला, "आबा, स्प्रिंग प्रॅक्टिस आहे. यू शुड कम."

"मॅच कोणाशी आहे?"

"मॅच नाही. मॅचेस ऑगस्टनंतर. ही फक्त प्रॅक्टिस."

सामना नाही, ढाल नाही, समोर दुसरी शाळा नाही, आणि तरी तीन आठवडे रोज दुपारी सराव. मला ते खरं वाटेना. घडीची खुर्ची आणि थर्मासमध्ये ताक घेऊन मी शाळेमागच्या मैदानावर गेलो. त्या रस्त्याच्या फुटपाथवर चालणारा मी एकटाच असायचो.

तिथे जे पाहिलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. ऊन आमच्या नागपूरच्या मेपेक्षा थोडंच कमी. त्यात सत्तर-ऐंशी पोट्टे, खांद्यावर ढालीसारख्या गाद्या बांधलेले, डोक्यात हेल्मेट. पण आवाज फक्त शिट्टीचा. शिट्टी झाली की सगळे एकदम धावत, पुन्हा झाली की एकदम थांबत. एका लोखंडी घसरगाडीवर उभ्या गाद्या लावलेल्या होत्या. पाच-पाच मुलं तिला खांदा देऊन गवतावरून ढकलत आणि त्या गाडीवर उभं राहून कोच त्यांच्या डोक्यावरून ओरडत. मग खाली उतरत, गुडघे टेकत आणि एखाद्या मुलाचा बूट हातांनी धरून दोन इंच बाहेर सरकवत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला तो साठीला आलेला माणूस होता. मी मोजलं. एका दुपारी ते एकवीस वेळा गवतावर बसले आणि उठले. शाळेत इतिहास शिकवायचे. सगळे त्यांना कोच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा.

बत्तीस वर्षांत मी एकाही मुलाचा पाय असा हातात धरला नव्हता. मी छडीने दाखवत होतो.

हळूहळू मला या सरावाचं मर्म कळलं. हरायची भीती नसते, म्हणून चुकायला जागा असते. वर्षभर बाकावर बसलेला एखादा जाडा मुलगा इथे अचानक कोणाच्या तरी नजरेत भरतो. माझा नातू किडकिडीत, चष्मेवाला, पण तिसऱ्या दिवशी कोचनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हा कसा पाहतो ते पाहा. बाकीचे चेंडूकडे बघतात, हा माणसाच्या कमरेकडे बघतो." ते त्याला मी शिकवलं होतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याची कमर खोटं बोलत नाही. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

पण यातच धोकाही होता, तो मला दिसला नाही. सामना नाही म्हणून मोठी माणसं सैल असतात. आणि ऑगस्टमधली जागा इथेच ठरणार असते, म्हणून मुलं एकमेकांना जीव खाऊन भिडतात. समोरचा परका नसतो. जेवणाच्या डब्याला शेजारी बसणारा असतो.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी त्याला अशीच एक धडक बसली. घरी आला तो गप्प होता. टीव्हीचा उजेड नको म्हणाला. मी विचारलं तर म्हणाला, "आबा, प्लीज, मॉमला सांगू नका. शुक्रवारी स्प्रिंग गेम आहे. टीमचे दोन भाग करून मॅच. मला स्टार्ट करणार आहेत, पहिल्यापासून खेळवणार."

तासाभराने फोन वाजला. मुलगा आणि सून ऑफिसातच होते. कोचनी आडनाव घेऊन विचारलं, "त्याचे वडील बोलताय का?"

मी म्हणालो, "येस."

आमच्या शाळेत पालक म्हणजे घरातून जो मोठा माणूस येईल तो. आजोबा, काका, कोणीही चाले. तेच माझ्या तोंडून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण कोच पुढे काय म्हणाले ते मला नीट समजलं होतं. माझं इंग्रजी बोलायला मोडकं आहे, ऐकायला नाही. ते म्हणाले, डोक्याला मार आहे, दोन दिवस घरी ठेवा, डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी त्याला घेणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन केला. "डॉक्टरांनी पाहिलं?"

"येस. ऑल ओके," मी म्हणालो.

कोणीही पाहिलं नव्हतं. मी त्याला कांदा हुंगवला होता आणि टाळूवर तेल थापलं होतं. माझ्या मैदानावर पडलेल्या मुलाला तेवढंच मिळायचं. कांदा, तोंडावर पाणी आणि "चल, ऊठ." बत्तीस वर्षांत कोणी दगावलं नाही, हा माझा पुरावा. आणि खरं सांगायचं तर मला त्याला शुक्रवारी खेळताना पाहायचं होतं. त्याच्यापेक्षा जास्त मलाच.

शुक्रवारच्या मॅचमध्ये दुसऱ्याच धडकेला तो पडला आणि उठला नाही. मग मी पाहिलं की मैदानावरचा प्रत्येक मुलगा, दोन्ही बाजूंचा, जिथे होता तिथे एक गुडघा टेकून खाली बसला. कोणी सांगितलं नव्हतं. बाकांवर पाचशे माणसं असतील. एक मूल रडत होतं, तेवढाच आवाज. अँब्युलन्स येईपर्यंत कोच गवतावर आडवे झोपून, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याच्याशी बोलत होते.

तो वाचला. पण वर्षभर डोकं दुखायचं, उजेड सोसायचा नाही, दहावीचं वर्ष पुन्हा करावं लागलं. फुटबॉल तर संपलाच. त्या आठवड्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. मला सगळं आठवत होतं.

मुलाने शाळेकडे तक्रार केली. बैठकीला मीही गेलो. आत शिरताना कोचना म्हणालो, "गुड आफ्टरनून, सर." त्यांनी मान वर केली नाही. मग विचारल्यावर म्हणाले, "मी वडिलांशी बोललो होतो. दोनदा."

माझा मुलगा ताडकन म्हणाला, "वडील मी आहे. तुम्ही माझ्याशी कधीच बोललेला नाहीत. यू आर लाइंग."

प्रिन्सिपलनी मला विचारलं, "आजोबा, घरी फोन आला होता?"

मी म्हणालो, "आय डोंट नो."

तेव्हा कोचनी माझ्याकडे पाहिलं. आवाज ओळखला. मी त्यांचा चेहरा पाहत होतो, त्यात कसलाही संशय उरला नव्हता. ते आता बोलणार म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते म्हणाले, "मग माझी चूक असेल. मी डॉक्टरचा कागद मागायला हवा होता." शाळेने त्यांच्याकडून फुटबॉलची टीम काढून घेतली. वर्षअखेर ते गाव सोडून गेले.

पाच वर्षं मी हे पोटात ठेवलं. या वर्षी एप्रिलमध्ये नातू कॉलेजातून सुट्टीला आला असताना एका काकांनी जेवताना तीच गोष्ट पुन्हा काढली, कोचला हसले, आणि नातूही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, मी त्या माणसाला सगळ्यांसमोर लायर म्हणालो, तेव्हा तुम्ही शेजारी होतात ना?"

"होतो."

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी म्हणाला, "गाडीत बसा." दोन तास त्याने ड्राइव्ह केलं, रेडिओसुद्धा लावला नाही. कोच आता एका लहान गावातल्या शाळेत होते, आणि मे महिना असल्यामुळे ते कुठे भेटतील हे विचारावं लागलं नाही.

आम्हाला पाहून ते कुंपणापाशी आले. पहिला प्रश्न, "मुलगा कसा आहे? वाचताना अजून डोकं दुखतं का?"

माझ्या मुलाने कुंपणाची तार धरली. मीच म्हणालो, "सर, फोनवर मी होतो. डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं. मी खोटं बोललो. त्या खोलीतही."

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "पोरगं आजारी होतं. त्या घरात आणखी एक आग कशाला? आणि सर, मी फक्त आवाजावर विश्वास ठेवला होता. ती चूक माझीच. आता मी कागद पाहिल्याशिवाय हेल्मेट परत देत नाही."

मुलगा म्हणाला, "मी तुम्हाला चार लोकांसमोर खोटारडा म्हणालो."

"पाच. मी मोजले होते," कोच म्हणाले आणि हात पुढे केला. मुलाने तो दोन्ही हातांनी धरला. जुन्या शाळेला आपण सगळं लेखी कळवणार, असं त्याने सांगितलं. कोच म्हणाले, लिहायचं तर लिहा, पण अजून चाळीस मिनिटं सराव बाकी आहे, मला जायला हवं.

आम्ही निघायला हवं होतं. पण मुलगा बाकांकडे गेला आणि सर्वांत खालच्या ओळीत बसला. मी एक जागा सोडून बसलो. समोर पाच मुलं घसरगाडीला खांदा देत होती. त्याने हा सराव कधी पाहिलाच नव्हता. त्या वर्षीही तो कायम ऑफिसात असायचा.

समोरच बघत तो म्हणाला, "बाबा, ते त्या मुलाचा पाय का सरकवतायत?"

मी त्याला सांगायला लागलो.