मस्टरवर नसलेला माणूस

२०१७ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला कुठंही उभं करा, तो आधी सूर्याकडे बघायचा, मग आपल्या पायाकडे, आणि एक पाऊल सरकून मगच उभा राहायचा. बसस्टँडवर पण तसंच, चहाच्या गाड्यावर पण तसंच. गाडेवाला विचारायचा, "काय शोधतोय ओ अण्णा?" तर म्हणायचा, "सावली कुठं पडत्या बघतोय."

त्याचं नाव मी लिहिणार नाही. कागदावर लिहिलेलं त्याला आयुष्यात कधी फळलं नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. मराठी शाळेत तिसरी. हुबळीत कमरीपेठेत राहतो आणि पस्तीस वर्षं मी धारवाडच्या बाजूला एका गोल्फ क्लबात माळी होतो. माळी म्हणजे फुलांचा नव्हे. आमच्याकडं पाण्याची बोंब, त्यामुळं टीव्हीत दिसतं तसलं हिरवंगार मैदान आमचं नव्हतं. तांबडी माती, मधेमधे वाळकं गवत. चेंडू ज्या खळगीत घालायचा तिच्याभोवती बारीक वाळूत तेल कालवून गोल बिछाना केलेला असायचा. त्याला ब्राऊन म्हणतात. असे नऊ ब्राऊन. लांब दांड्याची पट्टी ओढून ते आरशासारखे सपाट ठेवायचे, हे माझं काम. पहाटे साडेपाचला सुरू.

तो कॅडी होता. खेळणाऱ्या साहेबाची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालणारा. माझ्याआधीपासून होता.

आता तुम्ही म्हणाल, हमालच की. तसं नाही. साहेब चेंडूवर वाकला की कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कधी बोलायचं, ब्राऊनवर कुणाच्या वाटेवरून पाय टाकायचा नाही, वाळूत उमटलेलं पाऊल मागच्यासाठी पुसून जायचं, हे सगळं त्याला पाठ. मेंबर लोकांना पुस्तक मिळायचं, ते गाडीच्या डिकीत पडायचं. यानं एक जुनं पुस्तक मिळवून अक्षर अक्षर लावून वाचलं होतं. इंग्रजी त्याला तेवढंच यायचं, त्या पुस्तकापुरतं.

एकदा एक मोठा अधिकारी चेंडू मारायला उभा होता आणि दुसऱ्या मेंबराची सावली नेमकी चेंडू आणि खळगीच्या मधे. हा म्हणाला, "साहेब, नेरळु." म्हणजे सावली. कन्नड साहेबांना कन्नडमध्ये, आम्हाला मराठीत. तो मेंबर गरम झाला. "तू मला सांगणार?" हा म्हणाला, "मी नाही साहेब, पुस्तक सांगतंय."

मी नंतर म्हटलं, "कशाला त्यांच्या तोंडाला लागतोस?" तेव्हा त्यानं मला एकदाच सांगितलं, परत कधी नाही. कलघटगीकडच्या एका खेड्यात त्याचा आजा सावली अंगाशी धरून चालायचा. कुणाच्या अंगावर पडली तर मार. "आणि इथं बघ अप्पा," तो म्हणाला, "इथं कुणाचीच सावली चालत नाही. कमिशनरची पण नाही. म्हणून मला हा खेळ पटला."

मी माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा पोरगा. आमच्या घरात त्याच्या लोकांचा कप वेगळा असायचा. 

त्याचा दुसरा शब्द होता, "हलला." चेंडूला काठी नुसती लागून तो गव्हाच्या दाण्याएवढा जरी सरकला तरी खेळणाऱ्यानं स्वतःच एक मार, म्हणजे फटका, जास्त लिहून घ्यायचा असतो; ज्याचे मार कमी तो जिंकतो. लिहून कोण घेतो? एकदा एक इंजिनियर साहेब झुडपात शिरले, मागं फक्त हा. "साहेब, हलला." साहेब म्हणाले, "कुणी बघितलं?" हा म्हणाला, "तुम्ही बघितला की." साहेबांनी एक मार वाढवला. त्यानंतर त्या साहेबांना दुसरा कॅडी चालायचा नाही. तेवढं मात्र खरं, सगळे असे नव्हते. बाकीच्यांनी त्याला घ्यायचंच सोडलं. त्याच्या खांद्यावर पिशवी कमी दिवस असायची आणि मैदानाकडेच्या माझ्या हत्यारांच्या पत्र्याच्या खोलीत तो जास्त दिवस बसलेला असायचा. पण शर्ट कॉलरचा, इस्त्रीचा, पँटीत खोचलेला. खेळणाऱ्याला कॉलर पाहिजे असा नियम आहे, कॅडीला नाही. पोरं चिडवायची, "मेंबर आला रे मेंबर!" हा पण हसायचा.

आणि चाळीस वर्षांत त्यानं त्या मैदानात एकही चेंडू मारला नाही. सोमवारी क्लब बंद. मैदानात मी आणि तो, तिसरं कुणी नाही, गुरं सोडली तर. मी म्हणायचो, "मार की एक. कोण बघतंय?"

"मेंबर नाही मी."

"अरे गुरं तरी मेंबर आहेत काय?"

"गुरांनी पुस्तक वाचलेलं नाही."

कंपाउंडाच्या बाहेर, पडक्या जमिनीत, एका मोडक्या काठीनं मारायचा. मी भिंतीवर हात टेकून बघायचो. काय तो हात फिरायचा! आतले निम्मे साहेब त्याच्यापुढं लाकूड फोडणारे. त्याची एकच इच्छा होती, आणि ती मला सोडून कुणाला माहीत नव्हती. पुढच्या दारानं आत यायचं, आपलं नाव लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायचं, आणि पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकदा खेळायचं. एकदाच. कार्डावर किती मार झाले ते पण त्याला नको होतं. नाव पाहिजे होतं.

मधे त्याच्या डोळ्याला चेंडू लागला. डावा डोळा. माणूस ओरडलाच नाही, खाली बसला. तेव्हाच्या सेक्रेटरींकडं बायको दवाखान्याच्या मदतीला गेली तर त्यांनी तिच्या हातात टाईप केलेलं पत्र दिलं. सदर इसम हा क्लबचा नोकर नाही, त्याला क्लब पगार देत नाही, त्याचं नाव मस्टरवर नाही. खरंच नव्हतं. कॅडीला ज्यानं त्यानं आपापल्या खिशातून द्यायचं. त्या डोळ्यानं त्याला पुढं धुरकटच दिसायचं. ते पत्र त्यानं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं. मी म्हटलं, "असलं कशाला जपतोस? जाळून टाक." म्हणाला, "असू दे. सही-शिक्का आहे."

त्याची पोरगी शिकली. केलगेरीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली तिचं टेबल. ती बँकेत ऑफिसर झाली. मला काका म्हणते. तिनं २०१७ साली क्लबचा फॉर्म भरला. तिला गोल्फचं काय? काही नाही. पण मेंबराच्या आईबापाला खेळता येतं असा नियम आहे आणि तो बापानंच तिला कधीतरी लहानपणी पुस्तकातून वाचून दाखवला होता. पोरीनं लक्षात ठेवला.

फॉर्म घेऊन दोघं माझ्या खोलीत आले. पोरगी म्हणाली, "काका, एक नियम आडवा येतोय." ज्यानं क्लबात नोकरी केली त्याला मेंबर करायचं नाही, मेंबराच्या घरचा म्हणून पण आत घ्यायचं नाही. माझं तोंड उतरलं. तो मात्र गालात हसत होता. पिशवीतून ते प्लास्टिकमधलं पत्र काढलं. "मी नोकर नव्हतोच की अप्पा. त्यांनीच लिहून दिलंय." आणि असा हसला, असा हसला, की डाव्या डोळ्यातून पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला असा हसताना मी पहिल्यांदा बघितला. ते पत्र फॉर्मला जोडलं.

पंधरा दिवस नाव बोर्डावर लावतात. कुणाची हरकत असली तर लिहून द्यायची. मी रोज जाऊन बोर्ड बघायचो. इंग्रजी येत नाही, पण कागद आहे एवढं दिसायचं.

बाराव्या दिवशी सेक्रेटरींनी मला बोलावलं. हे नवे, गोड बोलणारे. खुर्ची दिली. मला त्या ऑफिसात पस्तीस वर्षांत कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखता म्हणजे? माझ्या घरच्यासारखा."

"कमिटीला त्यांच्याबद्दल माहिती पाहिजे. माणूस कसा, काम कसं."

मग काय तर, मी सुटलो. म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं या क्लबची सेवा केली त्यानं. पावसात केली, डोळा गेल्यावर केली. तुमचे अर्धे मेंबर त्याच्याकडून खेळ शिकले. माझ्यावर हजेरी असायची म्हणून मी यायचो, तो हजेरी नसताना यायचा. असा नोकर तुम्हाला मिळायचा नाही.  सेक्रेटरी मान हलवत होते. "छान सांगितलंत. हे लिहून देता काय? आम्ही टाईप करतो."

टाईप झालं. इंग्रजीत. सेक्रेटरी म्हणाले, "वाचून दाखवू?"

इथं माझा मोठेपणा मला नडला. खुर्चीवर बसवलेला माणूस मी, शेजारी टाईप करणारा क्लार्क बघतोय. त्याच्यापुढं वाचून घ्यायचं? म्हटलं, "काय वाचायचं त्यात? मी बोललो तेच असणार की." आणि सही केली. माझी सही मोठी आहे. वर शिरोरेघ, खाली दोन रेघा, शेवटच्या अक्षराला शेपूट. तिसरीच्या मास्तरांनी गिरवून घेतलेली. क्लार्क म्हणाला, "वा अण्णा, कलेक्टरसारखी सही." मी छाती काढून बाहेर आलो आणि त्याला सांगितलंसुद्धा, "तुझं काम पक्कं करून आलो."

कमिटी शनिवारी बसली. इंजिनियर साहेब पण कमिटीत होते, ज्यांनी त्या दिवशी मार वाढवून घेतला होता. ते गप्प बसले असं क्लार्क म्हणाला. एक जण बोलला म्हणे, आज हा आला तर उद्या सगळे कॅडी आत येतील.

रविवारी संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. हातात पाकीट. मी पट्टीचं तेल पुसत होतो. तो खाली बसला, उजव्या डोळ्याजवळ कागद धरला आणि सावकाश वाचलं, मला समजावून. पोरीला मेंबर करतो. बापाला आत घेता येणार नाही, कारण त्यानं चाळीस वर्षं क्लबची नोकरी केली आहे. जुनं पत्र चुकून दिलं गेलं असावं. पुरावा म्हणून क्लबच्या माळ्याचा जबाब जोडला आहे.

दुसरा कागद उलटला. माझी सही मला लांबूनच दिसली.

"मी तारीफ केली रे तुझी," मी म्हटलं.

"होय की. तारीफच आहे. किती लिहिलंयस! डोळ्याचं पण आहे."

"मी जातो. सांगतो मी खोटं बोललो. तू कधी कामच केलं नाहीस म्हणून सांगतो."

"खोटं कशाला सांगतोस? केलं की मी काम." मग म्हणाला, "डोळा गेला तेव्हा मी त्यांचा नव्हतो. आता झालो. बरोबर आहे, कुठंतरी त्यांनी मला लिहून घेतला म्हणायचं."

मी रडायला लागलो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. कागदावरच बघत होता. म्हणाला, "सही छान आल्या रे तुझी."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पायताण मारलं असतं तरी चाललं असतं. मी आजपर्यंत त्या वाक्यातला टोमणा शोधतोय आणि मला सापडत नाही. तो खरंच सही बघत होता.

कागद घडी करून पाकिटात, पाकीट खिशात. उठला. बाजूच्या फाटकानं गेला, कॅडी लोकांच्या. पोरीनं फॉर्म परत घेतला. तिची बदली बळ्ळारीला झाली, तो तिच्याबरोबर गेला. दोन वर्षांनी तिचा फोन आला, "काका, बाबा गेले." मी बळ्ळारीला गेलो नाही. तोंड नव्हतं. सेक्रेटरी मला एकदा म्हणाले होते, तुमचा कागद नसता तरी कमिटीनं दुसरं काहीतरी काढलंच असतं. असेल. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसरं काढलं असतं तर त्यांचं असतं, हे माझं आहे. देव आहे म्हणतात, असू दे बापडा, मी त्याला काही मागत नाही.

त्या रविवारी तो फाटकाबाहेर गेला, आणि सोमवारी क्लब बंद असला तरी आमची हजेरी असायची, ती घ्यायला क्लार्क यायचा. सकाळी साडेपाचला मी ऑफिसात गेलो. क्लार्कनं मस्टर पुढं सरकवलं, त्यावर पेन ठेवलं. मी पेन बाजूला केलं, शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवला आणि माझ्या नावापुढं टेकवला.

"काय हो अण्णा, सही विसरलात काय?"

"होय," मी म्हटलं, "विसरलो."

आणि पट्टी घेऊन पहिल्या ब्राऊनवर गेलो.