इंजिनाची नाडी

तेलाच्या डब्याखाली वर्तमानपत्र पसरलं, की डबा गळत नसला तरी महिन्याभरात कागद तेलकट होतोच. किस्स्यांचंही तसंच. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, पण चार माणसं एका शेडखाली राहिली की ते साठत जातात. आमची शेड आलापल्लीजवळच्या एका लाकडाच्या डेपोत होती, आणि आमच्या किस्स्यांना तर खरोखरच एरंडेलाचा वास यायचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी चांद्याहून तिथे ट्रकचा मेकॅनिक म्हणून गेलो होतो. डेपोच्या शेठजींनी कुठल्याशा लिलावात पहिल्या महायुद्धातलं एक विमान घेतलं. आपलं जंगल वरून कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. चालवायला एक निवृत्त कॅप्टनसाहेब आले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. विमानाशेजारीच खाट टाकून झोपायचे. शेठजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, संक्रांतीपर्यंत विमानाने डेपोवर एक फेरी मारली तर ठीक, नाहीतर विमान भंगारात आणि कॅप्टन घरी.

साहेबांना घर नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

*

इंजिन अजबच होतं. एरवी सिलिंडर जागेवर असतात आणि शाफ्ट फिरतो. इथे शाफ्ट घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरायचे. आमचे मल्लय्या मिस्त्री सिरोंच्याचे, पंप आणि बॉयलर दुरुस्त करण्यात हयात गेलेली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ते झटकन मागे सरले.

"सायेब, बंद करा! सारंच सुटून राह्यलं!"

*

या इंजिनाला एरंडेल लागायचं, आणि प्यायलेलं एरंडेल ते परत न देता बाहेर उडवून टाकायचं. पायलटच्या समोर एक काचेचा छोटा घुमट होता. इंजिन चालू असताना त्यात तेल टुणटुण उडायचं. उडतंय म्हणजे तेल पोचतंय. उडायचं थांबलं म्हणजे प्रेशर गेलं, आणि मग थोड्याच वेळात इंजिन जाम.

मल्लय्यांनी त्या घुमटाला नाव ठेवलं 'नाडी'. तेव्हापासून सकाळी डेपोत कोणी 'राम राम' करायच्या आधी विचारायचं, "नाडी लागते का?" एकदा नागपूरहून आलेला एक व्यापारी ते ऐकून घाबरला आणि कोण आजारी आहे म्हणून हळहळत बसला.

*

उडवलेलं तेल जायचं कुठे? निम्मं साहेबांच्या तोंडावर. विमान नुसतं जमिनीवर अर्धा तास चालवलं तरी एरंडेल आपलं काम करायचं. साहेब उतरले की आधी हात पुढे करत, आणि स्वयंपाकाच्या सीताबाई त्या हातात भरलेला तांब्या देत. बोलणं नाही, चालणं नाही, साहेब थेट सागाच्या झाडांत.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी पँट सोडली. बटणांत वेळ जातो म्हणाले. मग वर चामड्याची टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि खाली पायजमा, असा आमचा पायलट!

*

डेपोत विमान आलंय यापेक्षा एरंडेल आलंय ही बातमी जास्त पसरली. गावोगावचे म्हातारे पोट धरून, बाटली घेऊन येत. साहेबांना कोणाला नाही म्हणता येत नसे. एरंडेलाचा त्रास काय असतो ते मला माहीत आहे, म्हणायचे, आणि तरी देत.

*

मग थंडी पडली आणि नाडी बिघडली. सकाळी इंजिन सुरू केलं की काचेतलं तेल मेल्यासारखं पडून राही. मल्लय्यांनी पंप उघडला, ठणठणीत. मी पाइप फुंकला, मोकळा. काच बदलली, जोड आवळले. तरी सकाळी नाडी नाही, आणि ऊन चढलं की आपोआप सुरू. संक्रांत तोंडावर आली. साहेबांचं जेवण तुटलं. त्यांनी एकदा ट्रंक बांधून खाटेखाली सरकवली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

सीताबाईंचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं. त्यांनी काळजीने विचारलं, "सायेब, तब्येत बरी हाय ना? लय दिस झाले, तांब्या मांगला नाई तुमी."

साहेब काहीतरी उत्तर देणार होते. ते तसेच उठले, टाकीत बोट बुडवलं आणि चाटलं.

"हे एरंडेल नाही. त्याची चव मी मरेपर्यंत विसरणार नाही."

टाकीत मोहाच्या बियांचं तेल होतं. थंडीत ते तुपासारखं गोठतं. एरंडेल वाटून संपत आलं, म्हणून मल्लय्यांनीच डबे त्याने भरून ठेवले होते. तेल ते तेल, हा त्यांचा हिशोब. 

"बैलबंडीच्या आसाले आमी हेच लावतो," मल्लय्या म्हणाले. "बंडीचं प्रेशर कधी कमी झालं नाई."

*

गावोगाव निरोप गेला, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाटल्या परत आल्या. काही अर्ध्या, काही तळाशी चमचाभर, काहींत घरच्या एरंडीचं ताजं तेल. टाकी धुऊन भरली. सकाळी काचेत तेल उडायला लागलं तेव्हा मल्लय्यांनी डोळे पुसले. धूर गेला म्हणाले.

विमान उडालं. डेपोवर एक फेरी झाली. साहेबांनी आपल्या मनाने दुसरीही मारली. मग सागाच्या शेंड्यांमागे आवाज बंद झाला. उतरताना हे इंजिन मधूनमधून बंद करावं लागतं, ते आम्हाला ठाऊक होतं.  तरी शेठजी खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

विमान टणाटण उसळत धावपट्टीवर टेकलं. पंखा थांबायच्या आत साहेब खाली उडी मारून धावत सुटले, एका हाताने पायजमा धरून. शेठजींनी हार पुढे केला. साहेबांनी त्यांना वळसा घातला, सीताबाईंच्या हातातला तांब्या उचलला आणि झाडांत दिसेनासे झाले.

शेठजी हार धरून तसेच उभे. "मिस्त्री, नाडी लागली का?"

"इंजिनाची लागली, शेठजी," मल्लय्या म्हणाले. "सायबाची सुटली."

शेठजी हसले नाहीत. त्यांनी हार विमानाच्या पंख्यालाच अडकवला आणि सीताबाईंना म्हणाले, "बाई, उद्यापासून तांब्या पट्टीच्या टोकालाच ठेवत जा."