सदतीस जणांचा पत्ता

माझ्या मामेसासऱ्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सदतीस माणसं राहतात आणि त्यातली पस्तीस तिथे कधीच नसतात. यावर ज्याचा विश्वास बसणार नाही, त्याने बाभुळगावला जावं आणि त्यांच्या दाराशेजारची पाटी वाचावी. जन्मभर पोस्टमन म्हणून सायकल हाणलेल्या या गृहस्थाने मोठमोठ्या साहेबांना जे सुचलं नाही ते एका ऑइलपेंटच्या डबीत करून दाखवलं, असं माझं ठाम मत आहे. नात्यातला माणूस म्हणून मी वाढवून सांगतो आहे असं कुणाला वाटेल. मी एरवी वाढवून सांगतो, हे खरं आहे. इथे मात्र गरज पडली नाही.

मामाजींना माणूस भेटला की तब्येत नंतर, आधी पत्ता. माझ्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जवाईबापू, पिनकोड?" मी चुकीचा सांगितला. बायको अजून सांगते की तेव्हाच तिला माझा अंदाज आला होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाहेरून आले की ते स्वतःच्याच दाराची कडी दोनदा वाजवतात आणि "पोस्ट!" म्हणून हाक देतात. आतून मामी म्हणतात, "ठेवा तिथंच."

हे सदतीसचं प्रकरण सुरू झालं ते शांताबाईपासून. पाट्या-वरवंट्याला टाकी लावत गावोगाव फिरणारी ही बाई दोन मुलींना घेऊन बसस्टँडमागे ताडपत्रीच्या पालात राहायची. तिने घरकुलाचा अर्ज केला, तो परत आला, कारण पत्त्याचा रकाना रिकामा. मामाजींनी तो कागद वाचला आणि त्यांचा जीव कळवळला. पत्त्यावाचून परत जाणारं पत्र त्यांना आयुष्यभर सहन झालं नव्हतं. इथे तर माणूसच परत चाललं होतं. "लिव," ते म्हणाले, "मार्फत म्हून माह्यं नाव अन् खाली माह्या घराचा पत्ता. मार्फत लिवलं का पोचतेच." मग शांताबाईमागे तिचा भाऊ आला, भावामागे पुलाखालचे, पुलाखालच्यांमागे बाजारओट्यावरचे. मामाजींनी एकेकाचं नाव पांढऱ्या रंगाने पाटीवर चढवलं. मतदार चिठ्ठ्या वाटायला आलेला शिक्षक पाटी बघून थक्क झाला. "बाबा, हे सगळे एकाच घरचे?"

"एकत्र कुटुंब हाये," मामाजी म्हणाले.

"पन सैपाक मी दोघाचाच करतो, थेही लिवून घ्या," मामी आतून म्हणाल्या.

त्या काळात त्यांनी मलाही विचारलं होतं. "जवाईबापू, यवतमाळचा तुमचा पत्ता दोघाले द्या ना. एक खोली तं पाहुण्यासाठी कुलूप लावून ठेवली हाये तुमी." सोसायटीचा सचिव फार कडक आहे, असं मी सांगितलं. सचिव मीच आहे.

मग घरकुलाची यादी लागली. पाटीवरच्या एकूण एक नावापुढे एकच शेरा होता: पक्क्या स्लॅबच्या घरात वास्तव्य, अपात्र. शांताबाई यादी बघून थेट ओसरीवर आली. "बाबूजी, तुमच्या स्लॅबनं माह्यं छप्पर खाल्लं वो!" मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत अर्ज दिला: आमच्या घरात कोण राहतं ते साहेबांनी समक्ष येऊन पाहावं.

साहेब आले त्या दुपारी मी बायकोला आणायला म्हणून तिथेच होतो. सदतीसच्या सदतीस हजर होते. साहेबांनी विचारलं, "हे सगळे इथेच राहतात ना?"

"हो साहेब," मामाजी म्हणाले, "झोपून दाखवतो."

आणि पत्रं खणाखणांत लावावीत तशी त्यांनी माणसं लावायला सुरुवात केली. "शांताबाई, भिंतीकडं. पोरी मधात. अवं मावशी, पाय आवरा, तिथं अजून एक मावते." खोल्या भरल्या, ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, उरलेले गल्लीत शेजाऱ्याच्या बकरीपर्यंत गेले. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "जवाईबापू, पाहुणे आले तं थेही झोपतीनच ना?" इस्त्रीची पँट घालून मी भर दुपारी रस्त्यावर आडवा झालो. बकरीने माझा कान हुंगला. तिच्याखेरीज तिथे कुणी हललं नाही.

साहेबांना दारापर्यंत जायला पाऊल टाकायला जागा नव्हती. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि तसेच उभे राहिले. "बाबा, मी लिहू तरी काय?"

"जे दिसते थे लिवा. याईले पत्ता हाये, घर नाही. तुमच्या फारमात दोन्हीचा रकाना एकच हाये साहेब, थे दोन करा. बेघर माणसाले आधी पत्ता कायले मागता? घर द्या. पत्ता थो सोताच घेऊन येते."

"फेरतपासणी माझ्या हातात आहे, ती करतो. पण रकाने वरून ठरतात."

मामाजींनी खिशातून कोरं पोस्टकार्ड काढलं. "मंग वरचा पत्ता सांगा."

रस्त्यावर पडल्या पडल्या मी त्यांच्याकडे बघत होतो. उंचीने पाच फूट असलेला तो माणूस मला तिथून पार स्लॅबच्या वर गेलेला दिसला.

तेव्हापासून दर सोमवारी एक कार्ड वर जातं. उत्तर आलेलं नाही. फेरतपासणीत एकटी शांताबाई पात्र ठरली. यंदा तिच्या एका खोलीच्या घरावर स्लॅब चढला. पेढे घेऊन ती आली तेव्हा मामींनी तिची ओटी भरली. मामाजी रंगाची डबी घेऊन पाटीपाशी गेले. मला वाटलं, आता नाव पुसणार. ब्रश रंगात बुडवून त्यांनी तो परत डबीच्या काठाला पुसला आणि म्हणाले, "राहू द्या. माहेर म्हून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटीवर जागा सरली, जवाईबापू. पुलाखाली अजून दोघं हायेत."

सचिवाला विचारतो, हे वाक्य ओठापर्यंत आलं होतं. ते गिळलं.

आता यवतमाळला आमच्या दारावर माझ्या नावाखाली आणखी दोन नावं आहेत. त्यांची पत्रं येतात, मी ती नीट जपून बाभुळगावला पोचती करतो, आणि मामाजी दर वेळी माझी पाठ थोपटतात. तेवढ्यापुरता मीही पाच फुटांचा होतो. घरी परतलो की पाहुण्यांच्या त्या खोलीवरून जावं लागतं. पत्ता मी दिलाय. कुलूप अजून तिथेच आहे.