वळणावर न कलणारी गाडी

कामावर सगळे त्याला 'ओळंबा' म्हणतात. लिफ्टची दुरुस्ती हा त्याचा व्यवसाय, आणि सरळ म्हणजे सरळ, तिरकं म्हणजे तिरकं, हा स्वभाव. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बोटभर लांबीची स्पिरिट लेव्हल असते, पिवळ्या पाण्यात बुडबुडा असलेली. कोणाच्या घरी गेला की आधी फ्रिज तिरका आहे का ते बघतो, मग यजमानांची तब्येत विचारतो. एकदा एका नातेवाइकाकडे दुखवट्याला गेला असताना त्याने भिंतीवरची तसबीर सरळ केली होती. बायकोने तेव्हा कपाळाला हात लावला. तो अजून खाली आलेला नाही, असं ती म्हणते.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नमुने घेते. दिवसभर लोकांच्या शिरेत सुई खुपसताना तिचा हात हलत नाही. रक्त बघून धडधाकट पुरुष खुर्चीत आडवे होतात, त्यांना ती एका हाताने सावरते आणि दुसऱ्या हाताने पुढच्याला बोलावते. पण एका लांबलेल्या तापानंतर तिच्या कानाच्या आतला तोल बिघडला. चालताना काही नाही, जिन्यावर काही नाही. गाडीत बसून वळण आलं की पोटातलं सगळं वर येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, मळमळ तशीच राहिली.

तिची ताई घाटमाथ्यावर राहते. आई लवकर गेल्यामुळे या ताईनेच तिला वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, प्रसंगी बडवलंही. दोन वर्षांपूर्वी ती दोघं तिच्याकडे निघाली होती. अर्ध्या घाटात उलट्या सुरू झाल्या आणि गाडी परत फिरली. त्यानंतर बायको गाडीत बसलेली नाही. ताईचे गुडघे गेलेले, तिला खाली येणं जमत नाही. रोज फोन होत होता, त्यामुळे चाललं होतं.

आता ताईने घर विकलं. महिनाअखेरीस ती डोंगराच्या पलीकडल्या बाजूने उतरणार आणि विमानाने मुलीकडे, समुद्रापार, कायमची जाणार. सत्तरी ओलांडलेली बाई पुन्हा येईल असं कोणी म्हणत नव्हतं. ती स्वतः तर नाहीच.

"फोन तिकडेही लागतो," बायको म्हणाली. हे ती ज्या सुरात म्हणाली, तो ऐकून ओळंब्याने जेवताना दुसऱ्यांदा काही मागितलं नाही.

त्याच्या हिशेबाने प्रश्न सोपा होता. बायकोचा कान बिघडला आहे. कान दुरुस्त करणं आपल्या हातात नाही. पण कानाला त्रास कशाचा होतो? कलण्याचा. मग कलणं कमी करावं. गाडीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा एक ओळखीचा होता. त्याला सगळे पार्टवाला म्हणत. ओळंब्याने किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः चौकात जाऊन उभा राहिला. पार्टवाल्याने गाडी चौकाभोवती फिरवली. बाहेरून बघताना ओळंब्याला पहिल्यांदाच कळलं, की आपली गाडी वळणावर एखाद्या थकलेल्या माणसासारखी खांदा टाकते.

"मागे स्टॅबिलायझर नाही तुमच्या मॉडेलला," पार्टवाला उतरून म्हणाला. "पुढे आहे. मागचा कंपनीने खाल्ला. बाहेरचा मिळतो, बसवून देऊ?"

"मी बसवतो."

"बसवा. बोल्टलाही हाताची चव असते म्हणतात."

"असं कोण म्हणतं?"

"मीच. आत्ता सुचलं."

स्टॅबिलायझर म्हणजे पोलादाचा एक वाकवलेला दांडा. त्याचा मधला भाग रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या अंगाला बांधायचा आणि दोन्ही टोकं लिंक नावाच्या आखूड जोडदांड्यांनी मागच्या दोन चाकांच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या भुजेला जोडायची. सरळ रस्त्यावर हा दांडा काहीच करत नाही, नुसता बरोबर येतो. गाडी एका कुशीवर झुकू लागली की तो पिळला जातो आणि पीळ सोडवण्याच्या धडपडीत गाडीला सरळ धरतो.

घरामागच्या शेडमध्ये त्याने काम काढलं. शेडची जमीन मोरीकडे उतरती होती, हे त्याला घर घेतल्या दिवसापासून खुपत होतं. त्याने जॅकने गाडी उचलली, स्टँडखाली पातळ पत्रे सरकवले, लेव्हल डिकीच्या कडेवर ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पत्रे काढले-घातले. गाडी हवेत अगदी सपाट झाली. मागची चाकं खाली लोंबत होती. डावं जरा जास्तच लोंबत होतं. त्याप्रमाणे त्याने डाव्या लिंकची लांबी वाढवली, उजवीची कमी ठेवली. बुशांना ग्रीस लावलं, पट्ट्या चढवल्या आणि एकेक नट असा आवळला की पाना उलटून सांगेल, आता पुरे. मग गाडी खाली घेतली.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. "अहो, ती एका कुशीवर झोपल्यासारखी दिसतेय."

"कोण?"

"गाडी तुमची. दुसरं कोण झोपलंय?"

त्याने लेव्हल काढली. जमिनीचा उतार हिशेबात धरूनही बुडबुडा फारच एका टोकाला जाऊन बसला होता. गल्लीच्या टोकापर्यंत चालवून पाहिली, तर गतिरोधकावर मागून जुन्या बिजागरीसारखा आवाज आला. आयुष्यात त्याने बसवलेली कुठलीच गोष्ट अशी कुरकुरली नव्हती. त्याने गाडी परत शेडमध्ये आणली. मग पार्टवाल्याला फोन केला.

"चाकं लटकत असताना आवळलंत का हो?" पलीकडून विचारणा झाली.

"मग कसं आवळणार?"

"गाडी जमिनीवर हवी. स्वतःच्या पायांवर. लटकत्या चाकांच्या मापाने लिंक बांधली की खाली आणल्यावर दांडा आधीच पिळलेला राहतो. हे शेंबडं पोरही... जाऊ दे. लिफ्टवाल्याकडूनच अशी चूक होणार."

ते खरं होतं. लिफ्टची केबिन जन्मभर दोरांवर लटकते. लटकलेली असताना ती सरळ असली म्हणजे सरळ. उमेदीची सगळी वर्षं ओळंब्याने लटकत्या गोष्टीच सरळ केल्या होत्या. ज्या गोष्टीला उभं राहायचं असतं, तिला उभी करूनच आवळावं लागतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. पार्टवाल्याने आणखी एक सांगितलं: माणसं बसल्यावर गाडी जेवढी दबते तेवढी दबवा, मग एक लिंक सोडा, तिची लांबी अशी जुळवा की बोल्ट बोटाने आत जाईल. हातोडी लागली तर समजा, चुकलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने जाड लाकडी ओंडक्यांखाली पत्रे सरकवून जमिनीचा उतार मोडला आणि त्यांच्यावर गाडी चढवून चारही चाकं उंचावर उभी केली. खाली शिरायला जागा झाली आणि भारही चाकांवर राहिला. कामावरून लिफ्टच्या चाचणीची लोखंडी वजनं आणली होती. आपल्या वजनाइतकी त्याने ड्रायव्हरच्या सीटवर रचली. उरलेल्यांतलं एक हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"तुझं वजन किती?"

"कशाला हवंय?"

"गाडीत ठेवायला."

"वा! इतक्या वर्षांनी बायको वजनावर विकायला काढताय?"

"अगं, अंदाजे सांग."

"अंदाजे तर मुळीच नाही सांगणार. तुम्ही ते शेडच्या भिंतीवर लिहून ठेवाल." तिने हात पुसले. "मीच बसते."

ती शेडमध्ये आली, स्टुलावर चढली, दार उघडून आत बसली आणि काच खाली केली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती गाडीत बसली होती. शेजारच्या सीटवर लोखंडाची रास होती.

"हे बरे आहेत तुमच्यापेक्षा," ती वजनांकडे बघत म्हणाली. "वाद घालत नाहीत."

"हलू नकोस आता," तो खालून म्हणाला.

"श्वास घेऊ की नको?"

"बेताने घे."

पान्याचा आवाज येत होता. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मग पायाखालच्या पत्र्याशी बोलू लागली. "ताईचं कपाट रिकामं झालं म्हणे. माझे शाळेतले दोन फ्रॉक निघाले. विचारत होती, ठेवू की देऊन टाकू."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ठेव."

मग त्याने उजव्या लिंकचा बोल्ट काढला. पिळलेला दांडा सुटला आणि गाडी एका बाजूने हलकेच खाली बसली.

"काय झालं?" ती म्हणाली. "सुस्कारा टाकल्यासारखी वाटली."

"पीळ सुटला. मळमळलं का?"

"नाही." मग जरा थांबून, "थोडं."

तो कोपरांवर सरपटत बाहेर आला. चेहऱ्याला ग्रीस, डोळ्यांत घाबरेपणा. "उतर, उतर. वजनं ठेवतो."

"आत जा," ती म्हणाली. "मी उतरते म्हटलं का?"

तो पुन्हा खाली गेला. भोक आणि बोल्ट यांच्यात नखाएवढा फरक होता. लिंकच्या मधला आट्यांचा भाग त्याने पाव वळसा फिरवला, पुन्हा पाहिलं, पुन्हा थोडा फिरवला. शेवटी बोल्ट एका बोटाने आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. लेव्हलसुद्धा त्याने बायको गाडीतून उतरायच्या आत ठेवून घेतली. बुडबुडा मधोमध होता. हे तिला सांगायला तो गेला, तर ती सीटवर मान टाकून झोपली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी दोघं निघाली. डिकीत एक मोठी बॅग होती. ताईसाठी काहीबाही असेल म्हणून त्याने विचारलं नाही. बायकोच्या मांडीवर, उलटी झालीच तर म्हणून, लॅबमधल्या दोन जाड पिशव्या होत्या.

घाट सुरू झाला. गाडी खरोखरच सपाट वळत होती. पूर्वी ज्या वळणावर दाराच्या खणातल्या बाटल्या एका बाजूला घरंगळत, तिथे त्या जागच्या जागी राहिल्या. त्याचं निम्मं लक्ष रस्त्यावर होतं आणि निम्मं बायकोच्या गालांच्या रंगावर.

"समोर बघा. खड्डे रस्त्यावर आहेत, माझ्या तोंडावर नाहीत."

"कसं वाटतंय?"

"विचारू नका. विचारलं की वाटतं."

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "थांबा."

त्याने गाडी कठड्याशी घेतली. ती उतरली, कठड्याला धरून वाकली. तो पाण्याची बाटली घेऊन मागे उभा राहिला आणि दरीकडे न बघता मागच्या चाकाकडे बघत राहिला. तिने चूळ भरली. तोवर तो गाडीत जाऊन बसला होता, स्टिअरिंग पुरतं फिरवून, उलट्या गिअरमध्ये.

ती दारापाशी आली. "कुठे निघालात?"

"परत. उगाच हाल नकोत तुझे."

"अहो, मला उलटी झाली. झाली आणि संपली. लॅबमध्ये माणसं बेशुद्ध पडतात, मी त्यांना घरी पाठवते का? पाणी देते आणि सुई टोचते."

"पण मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी मी थांबा म्हटलं होतं. फिरवा कुणी म्हटलं होतं?"

त्याने आठवून पाहिलं. ती वाकलेली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यानेच तिला आत बसवून गाडी वळवली होती. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत आला होता, की तिला घाट झेपत नाही. तीही ऐकत आली होती, आणि ऐकता ऐकता तिला ते खरं वाटू लागलं होतं.

"तू तेव्हा काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तोंड भरलेलं होतं." ती आत बसली, पट्टा लावला. "चला. वर."

"दांड्याचा काहीच उपयोग नाही म्हणायचा."

"आहे. मागच्या वेळी इथवर तीनदा झाल्या होत्या." तिने एक पिशवी उघडून तयार ठेवली. "गाडी सरळ राहतेय. माझं मी बघते."

माथ्यावर पोहोचेपर्यंत आणखी दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही पिशव्या कामी आल्या. दोन्ही वेळा त्याने गाडी पुढच्याच दिशेला तोंड करून उभी ठेवली. थांबलं की तो पाणी द्यायचा आणि गप्प राहायचा. गप्प राहणं त्याला जमत होतं, फक्त बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

ताई काठी घेऊन फाटकात उभी होती. बायको उतरली तेव्हा तिचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता. ताईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय गं चिमणे, रंग कुठे टाकून आलीस?"

"घाटात. तीन ठिकाणी."

दोघी एकमेकींना धरून आत गेल्या. कोण कोणाला सांभाळत होतं, हे मागून सांगता आलं नसतं. आत खोक्यांमध्ये एक गादी अंथरलेली होती, त्यावर त्या बसल्या. ताईने तिची चप्पल काढून दिली, जशी शाळेतून आलेल्या मुलीची काढतात. ओळंबा थोडा वेळ दारात उभा राहिला. खोकी वेडीवाकडी रचलेली होती. त्यांना हात न लावता तो बाहेर गेला आणि नट ढिले पडले नाहीत ना हे बघायला गाडीखाली शिरला.

"अगं, हे गेले कुठे?" थोड्या वेळाने ताईचा आवाज आला.

"गाडीखाली."

"बरे आहेत ना?"

"तिथेच बरे असतात ते."

नट पक्के होते. तो खालूनच ओरडला, "उजेड असेतो घाट उतरलेला बरा. तासाभरात निघूया का?"

मग बायको पायरीवर येऊन उभी राहिली. त्याला खालून तिचे फक्त पाय दिसत होते, अनवाणी.

"तुम्ही निघा. डिकीतली मोठी बॅग तेवढी आत आणून द्या."

"ती ताईंची नाही?"

"माझी आहे. लॅबमधून रजा घेतलीये. ताई जाईपर्यंत मी इथेच."

तो कोपरांवर थोडा पुढे सरकला. "मग न्यायला कधी येऊ?"

"फोन करीन." पाय वळले, पुन्हा थांबले. "आणि येताना पिशव्या आणा. या संपल्या."